न वाजवलेली तार

वेंगुर्ला बंदरावर, बर्फाच्या कारखान्याला चिकटून
एक खोली आहे, तिथे आम्ही सराव करतो.
भाडं नाही. फक्त रविवारी
मासळीच्या टोपल्या बाहेर काढायच्या
आणि निघताना परत आत.

बेस माझा, जुना, म्हापशाहून आणलेला.
मागे कुणीतरी खिळ्याने कोरलंय: फि.
फिलोमेना, फिदेलिस, कोण जाणे.
अंगठा आपटला की धप्प,
बारीक तार बोटाने उचलून सोडली की टण्ण.
एवढंच हवं. धप्प, टण्ण, आणि दोघांच्या मधे
कोरी जागा.

पण कोऱ्या जागेत कोणीतरी गुणगुणतं.

आधी कारखान्यावर संशय. तिथला कॉम्प्रेसर
रात्रंदिवस कण्हत असतो.
इनासने ओळखीवर वीस मिनिटं बंद ठेवायला लावला.
गुणगुण होती तिथेच.
तिकडे पापलेटांना घाम फुटला, तेवढंच.

मग गिरप वायरमन. प्लगच्या तिसऱ्या भोकात
टेस्टर घालून बराच वेळ बघत बसला.
"हेच्या मागे काय नाय. नुसता भोक."
बाहेर वाळूत तांब्याची सळई ठोकली,
तिच्यावर बादलीभर खारं पाणी.
एक घरघर थांबली खरी,
पण ती दुसरीच होती.
जिची तक्रार आम्ही केलीच नव्हती
ती बरी होऊन निघून गेली.

इथल्या हवेत तारा तीन महिन्यांत
सुकटीसारख्या तांबूस होतात. नव्या घातल्या,
सातशे रुपये.
मान पावसात वाकते, वैशाखात उलटी फिरते;
पान्याने पाव फेरा, रात्रभर वाट,
सकाळी परत पाव फेरा.
पाचव्या पट्टीवरची खडखड गेली.
ती कधीपासून होती हेही
ती गेल्यावर कळलं.

मोबाईलवर रेकॉर्ड करून
रात्री अंथरुणात ऐकलं, निम्म्या वेगाने.
टण्ण. आणि लगेच, खालून,
जाडी तार. सर्वांत वरची, सर्वांत सुस्त.
मी तिला हातसुद्धा लावला नव्हता.
शेजारीण ओरडली म्हणून
ती झोपेतून हूं म्हणत होती.

स्पंजचा तुकडा कोंबून बघितला.
तिच्याबरोबर सगळ्याच मेल्या.
बहिणीचं केसांचं रबर मानेच्या टोकाला गुंडाळलं;
बरं होतं,
पण बहिणीला रबर हवं होतं.

दारात बुधाजी तांडेल जाळं विणत बसतो,
सावली आमच्या खोलीची म्हणून.
एकदा सुई न थांबवता म्हणाला,
"तू वाजवतंस ता आयकतंय रे.
पण तू वाजवणस नाय, ता कोण वाजवता?"

उत्तर नव्हतं. मी त्याच्याकडे बघत राहिलो.
उजव्या हाताची सुई आत-बाहेर,
डावा हात गाठ आवळतोय,
आणि जाळ्याचं टोक
पायाच्या अंगठ्यात धरलेलं, ताणून.
अंगठा काहीच करत नव्हता.
संध्याकाळपर्यंत तो काहीच न करता धरून होता.

तेव्हापासून डाव्या हाताची रिकामी बोटं
मी तारांवर आडवी टाकतो, दाबत नाही,
तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तशी.
अंगठा आपटून उडत नाही आता,
जाड्या तारेवर टेकून राहतो.
लिहिलं की दोन ओळी. शिकायला
गणपतीपासून शिमगा.
बोटांना काम सांगता येतं,
नुसतं पडून राहा हे सांगता येत नाही.
करंगळी अजून ऐकत नाही.

परवा मात्र झालं.
धप्प. टण्ण. आणि मधे खरंच कोणी नाही.
इनासने काठ्या वर धरल्या त्या धरल्याच.
त्या जागेत पहिल्यांदा नीट ऐकू आला
भिंतीपलीकडचा कॉम्प्रेसर:
'जी'च्या किंचित वर, स्थिर, सुरेल म्हणावा असा.

इनास म्हणाला, बंद करून येऊ?
म्हटलं, राहू दे.
आत पापलेटं आहेत.